हक्क उजव्या वाऱ्याचा

दाढेत सिमेंट भरलं जात असताना वाद घालू नये, एवढं अनुस्वाररावांना कळत होतं. पण समोरचा माणूस चुकीचं बोलत होता, आणि चुकीचं ऐकून गप्प बसणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे. सत्तावीस वर्षं ते एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. छपाईला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका शोधायच्या आणि लाल पेनाने खुणा करायच्या, हे काम. असं काम करणारा माणूस संध्याकाळी पेन खिशात घेऊनच घरी येतो, आणि मग इमारतीच्या फलकावर 'पाणि येणार नाहि' असं लिहिलेलं असलं तर पाणी येवो न येवो, वेलांट्या दीर्घ होतात. म्हणून इमारतीत सगळे त्यांना अनुस्वारराव म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं. हरकत एवढीच होती की काही लोक तो शब्द लिहिताना चुकायचे.

त्यांच्या तोंडात वाकलेले दंतवैद्य त्याच इमारतीत, त्यांच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहायचे. गावाबाहेरच्या तलावावर विंडसर्फिंगचा एक क्लब होता. फळीवर उभं राहायचं, फळीला जोडलेल्या शिडाची आडवी दांडी दोन्ही हातांनी धरायची, आणि वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून जायचं. दंतवैद्य दोन वर्षं तिथे जात होते आणि ज्यांना उत्तर देता येत नाही अशा माणसांना त्याबद्दल सांगत होते. त्यांच्या धंद्यात अशी माणसं भरपूर मिळतात.

"पुढच्या महिन्यात शर्यत आहे," दंतवैद्य म्हणाले. "नियम अगदी सोपा. ज्याचं शीड मोठं, त्याचा जाण्याचा हक्क पहिला. बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. माझं शीड सगळ्यात मोठं आहे. जरा मोठा आ करा."

अनुस्वाररावांनी मोठा आ केला. त्या क्लबची सोळा पानी नियमपुस्तिका त्याच महिन्यात त्यांच्या टेबलावरून गेली होती, आणि हस्तलिखित तीनदा वाचल्यामुळे नियम त्यांना तोंडपाठ होते. शिडाच्या आकाराचा त्यात कुठेही संबंध नव्हता. पहिलाच नियम असा होता की दोन फळ्या वेगवेगळ्या बाजूंनी वारा घेत एकमेकींच्या वाटेत आल्या, तर जिला उजव्या बाजूने वारा लागतोय तिचा हक्क. जिला डाव्या बाजूने लागतोय तिने दूर व्हायचं.

"उव्या आऊने आआ!" अनुस्वारराव म्हणाले.

"दुखतंय का?" दंतवैद्यांनी विचारलं आणि आणखी एक इंजेक्शन दिलं.

या इंजेक्शनने जीभ, गाल आणि हनुवटीचा उजवा भाग रजेवर गेला. तरी खुर्चीतून उठल्यावर अनुस्वाररावांनी सगळं बळ एकवटून एक वाक्य उच्चारायचा प्रयत्न केला. त्यातले 'हर्यत' आणि 'मी' हे दोनच शब्द बाहेर पडले. मधले सगळे विरघळले.

"शर्यत? तुम्ही?" दंतवैद्य आनंदले. ते क्लबच्या कार्यकारिणीवर होते आणि नावनोंदणीची वही दवाखान्याच्या टेबलावरच होती. "अहो, वा! नवशिक्यांच्या गटात टाकतो तुम्हाला. मीही त्याच गटात आहे."

त्यांनी नाव लिहिलं. आडनावात ऱ्हस्व उकार पडला. अनुस्वाररावांनी खिशातून लाल पेन काढलं आणि तो दीर्घ केला. पुढे नाव मागे घ्यायला ते गेले, तेव्हा क्लबच्या नोंदणी कारकुनाने याच उकारावर बोट ठेवलं. "ही तुमच्या हातची दुरुस्ती ना? मग नोंद तुम्ही वाचून मान्य केलीत." नाव मागे घेण्याच्या अर्जावर आजारपण, परगावी बदली आणि मृत्यू अशी तीनच कारणं छापलेली होती. 'गैरसमज' लिहायला जागा नव्हती.

"मग आजारपण लिहा की," बायको म्हणाली. ती टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर काम करायची आणि अर्जांना घाबरत नसे.

"मी आजारी नाही."

"शर्यत झाल्यावर व्हालच. आधीची तारीख टाकायची."

पण एव्हाना जिन्यात बातमी पसरली होती. दंतवैद्यांनी सगळ्यांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, अनुस्वारराव शर्यतीत उतरणार. दोन, आयत्या वेळी माघार घेणार. पहिली गोष्ट चुकीची होती म्हणून अनुस्वारराव चिडले होते. दुसरी बरोबर होती म्हणून ते जास्त चिडले. त्याच संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं की आपण उतरणार.

तळमजल्यावर एक निवृत्त बसचालक राहायचे. त्यांनी अनुस्वाररावांना जिन्यात अडवलं. "हक्क कोणाचा हे पुस्तकात बघायचं नसतं," ते म्हणाले, "समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं असतं. तो डोळे चोरतोय का? मग काढा गाडी. तो तुमच्याकडे बघून हसतोय का? ब्रेक मारा."

"याला ब्रेक नसतो."

बसचालक आपल्या दाराकडे वळले. "मग सोडा नाद," ते म्हणाले, आणि घरात जाऊन त्यांनी दार लावलं.

क्लबला दोन दाखले हवे होते. प्रकृतीचा दाखला कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरचा चालत होता, तो दंतवैद्यांनी आपल्याच कागदावर दिला: 'तपासणी केली. खालची दाढ वगळता काही आढळलं नाही.' पन्नास मीटर पोहता येत असल्याचा दाखला सार्वजनिक तरणतलावाच्या कचेरीत मिळायचा. तिथे दुरुस्तीचं काम चालू होतं आणि तलावात पाणी नव्हतं. दाखला देणारा कर्मचारी मात्र रोज वेळेवर हजर होता.

"मला पोहता येतं," अनुस्वारराव म्हणाले. "लहानपणापासून."

"असेल. पण मला पन्नास मीटर पार झालेले दिसले पाहिजेत."

"पाण्याशिवाय?"

"पाण्याचा उल्लेख अर्जात नाही," कर्मचारी म्हणाला.

अनुस्वाररावांनी अर्ज वाचला. खरोखरच नव्हता. त्या मसुद्यावर कोणा मुद्रितशोधकाने हात फिरवला असता तर ही वेळ आली नसती, असं त्यांना वाटलं. मग ते बूट काढून शिडीने खाली उतरले आणि निळ्या फरश्यांवरून पन्नास मीटर चालत गेले. मध्यावर पोचल्यावर वरून आवाज आला, "हात हलवा थोडे." त्यांनी हलवले. पलीकडच्या कोपऱ्यात फरश्या बसवणारे दोघे गवंडी काम थांबवून हे बघत होते, आणि ते हसले नाहीत, ही गोष्ट अनुस्वाररावांना जास्त लागली.

नियमांचा सराव घरी सुरू झाला. दिवाणखान्यात इस्त्रीची फळी जमिनीवर आडवी ठेवली. डोलकाठी म्हणून झाडू, शीड म्हणून चादर.

"आणि मी कोण?" बायकोने विचारलं.

"तू वारा."

"बरं," असं म्हणून तिने टेबलफॅन लावला आणि मटार सोलायला बसली. पण ऐकत होती. दुसऱ्या दिवशी ओट्यापाशी दोघं एकदमच पोचले, तेव्हा ती म्हणाली, "वळणावर आतल्या बाजूच्याला जागा द्यायची ना? मी आत आहे. सरका." तिसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या वाटेवर तिने सांगितलं की मागून येणाऱ्याने पुढच्यापासून दूर राहायचं असतं. चौथ्या दिवशी दोघं खिडकीच्या बाजूने एकाच दिशेला निघाले असताना तिने नुसती मान हलवली, आणि अनुस्वारराव आपोआप थांबले. कारण दोघांना एकाच बाजूने वारा असला की वाऱ्याकडच्याने दुसऱ्याला वाट द्यायची असते, आणि वाऱ्याकडचे तेच होते. आठवड्याभरात असं लक्षात आलं की या घरात, एकूण एक नियमाने, हक्क बायकोचाच निघतो. तो आधीही तिचाच होता. पण आता त्याला लेखी आधार मिळाला.

तलावावरची प्रशिक्षिका पंचविशीतली मुलगी होती. नियमपुस्तिकेचं हस्तलिखित तिचंच. पहिल्याच दिवशी अनुस्वाररावांनी तिला सगळे नियम क्रमाने म्हणून दाखवले, आणि तिच्या हस्तलिखितात 'नौकानयन'ला एक काना जास्त पडल्याचंही नम्रपणे सांगितलं.

"छान, काका," ती म्हणाली. "आता फक्त उभं राहायला शिका."

'काका' त्यांनी गिळलं. पाठोपाठ तलावातलं बरंच पाणीही गिळलं. फळीवर चढायचं, पाण्यात पडलेलं शीड दोराने ओढून उभं करायचं, दांडी धरायची, की वारा दांडी धरणाऱ्यासकट शीड पलीकडे नेऊन ठेवायचा. ते पडणं मोजत. पहिल्या दिवशी एकतीस, दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस. एका पानावर इतक्या चुका असत्या तर त्यांनी मजकूर परत पाठवला असता.

शर्यतीच्या आदल्या दिवसापर्यंत ते सरळ रेषेत बऱ्यापैकी जाऊ लागले. वळता मात्र आलं नाही. वळायची त्यांची स्वतःची पद्धत तयार झाली होती: पडायचं, पाण्यातच फळी फिरवायची, पुन्हा चढायचं.

"नियमात बसतं का हे?" त्यांनी विचारलं.

"बसतं," प्रशिक्षिका म्हणाली. "वेळ लागतो, एवढंच."

शर्यतीच्या दिवशी दुपारी वारा चांगला होता. तलावात तीन मोठे नारिंगी फुगे नांगरून त्रिकोण आखला होता आणि दोन फेऱ्या मारायच्या होत्या. नवशिक्यांच्या गटात नऊ जण होते. दंतवैद्य दोन वर्षांनंतरही नवशिके का, असं कोणी विचारलं की ते म्हणत की इथे वातावरण मोकळं असतं. त्यांचं नवं कोरं शीड सगळ्यांत मोठं होतं आणि त्यावर हसऱ्या दातांचं चित्र होतं.

भोंगा वाजला. आठ शिडं निघाली. नववं थोड्या वेळाने पाण्यातून वर आलं आणि तेही निघालं.

पहिला टप्पा वाऱ्याच्या तोंडावर होता. तिथे सरळ जाता येत नाही. नागमोडी जावं लागतं, एकदा डाव्या बाजूने वारा घेत, एकदा उजव्या. अनुस्वाररावांनी डावी तिरकी रेघ संपवली, पडले, फळी फिरवली, चढले, आणि उजव्या बाजूचा वारा घेऊन निघाले. तोवर बाकीच्यांची दुसरी फेरी सुरू झाली होती. म्हणूनच त्यांना डावीकडून, मोठ्या वेगाने, दात दिसले.

दंतवैद्य डाव्या बाजूने वारा घेत येत होते. दोघांच्या वाटा पुढे एका जागी मिळत होत्या. अनुस्वाररावांनी मनात नियम म्हटला, आपला उजवा खांदा पाहिला, वारा तिथेच लागतोय याची खात्री केली. आयुष्यात खिडक्यांपुढच्या रांगांत, जिन्यात, लिफ्टच्या दारात त्यांनी असंख्य माणसांना वाट दिली होती. आज दुसऱ्याने द्यायची होती. तसं स्पष्ट लिहिलेलं होतं.

"उजवा वारा!" ते ओरडले.

"बाजूला व्हा!" दंतवैद्य ओरडले.

"उजवा वारा! नियम एक!"

"अहो, मला हे शीड आवरत नाहीये!"

अनुस्वारराव हटले नाहीत. पुढे अनेकांनी या धैर्याचं कौतुक केलं. खरं सांगायचं तर हटण्यासाठी वळावं लागतं, आणि ती सोय त्यांच्याकडे नव्हती. पण नियमपुस्तिकेत असंही होतं की हक्क असला तरी, समोरचा वाट देत नाही हे दिसल्यावर, टाळता येईल तितकी टक्कर टाळलीच पाहिजे. टक्कर टाळण्याचा एकच उपाय त्यांना येत होता. त्यांनी दांडी सोडली आणि ते पडले.

दंतवैद्यांची फळी त्यांच्या आडव्या झालेल्या शिडावरून गेली, शीड चर्रकन फाटलं, आणि हसरे दात उलटे होऊन पाण्यावर आपटले. तक्रार करायची असेल तर तो शब्द जागच्या जागी ओरडायचा असतो. अनुस्वारराव त्या वेळी पाण्याखाली होते. त्यांनी तिथूनच सुरुवात केली.

सुनावणी कपडे बदलायच्या खोलीत झाली. दोन्ही पक्ष टॉवेल गुंडाळून बाकावर बसले होते. समितीत प्रशिक्षिका, नोंदणी कारकून आणि अध्यक्ष म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. बाईंना पाण्याचं काही कळत नव्हतं, पण मुलांची भांडणं त्यांनी छत्तीस वर्षं मिटवली होती. साक्षीला बचावनौकेचा नावाडी होता.

"तक्रार ओरडून सांगितली होती?" बाईंनी विचारलं.

"मला 'तक्' एवढंच ऐकू आलं," दंतवैद्य म्हणाले. "पुढे बुडबुडे."

"मला 'रार' ऐकू आलं," नावाडी म्हणाला. "वर आल्यावर."

बाईंनी दोन्ही तुकडे कागदावर शेजारीशेजारी लिहून पाहिले. "तक्रार पूर्ण आहे," त्या म्हणाल्या. "डॉक्टर, तुमचं काय म्हणणं?"

दंतवैद्यांनी टॉवेलच्या घडीतून नियमपुस्तिका काढली. "पान पाच, नियम एक. 'ज्याला डाव्या बाजूने वारा लागतो, त्याचा हक्क. ज्याला उजव्या बाजूने लागतो, त्याने दूर राहावे.' डाव्या बाजूने मीच होतो."

प्रशिक्षिकेने पुस्तिका ओढून घेतली. "मी उजव्याच लिहिलं होतं! आम्ही शिकवतोही तसंच."

"छापलंय मात्र डाव्या," कारकून म्हणाला. तीनशे प्रती छापल्या होत्या, घरोघर वाटल्या होत्या, आणि आजवर एकाही माणसाने पान पाच वाचलेलं नव्हतं, हे तिथे सगळ्यांनाच एकदम समजलं. बाईंनी पुस्तिका उलटी केली. शेवटच्या पानावर तळाशी लिहिलं होतं: मुद्रितशोधन, आणि पुढे अनुस्वाररावांचं पूर्ण नाव. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच ते त्यांनी आग्रहाने घालून घेतलं होतं.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

छापून झालेलं काही अनुस्वारराव कधीच उघडत नसत. उघडलं की चूक दिसते आणि काही करता येत नाही. पण आता त्यांना शेवटचं प्रूफ लख्ख आठवलं. खालच्या एका वाक्यात दोन शब्द मागेपुढे झाले होते. अदलाबदलीची नागमोडी खूण त्यांनीच केली होती. खूण एक ओळ वर पडली होती, आणि अक्षरं जुळवणाऱ्याने इमानाने उजव्याचं डावं आणि डाव्याचं उजवं केलं होतं.

अक्षरं जुळवणारा गेल्याच महिन्यात नोकरी सोडून दूरच्या गावी गेला होता. 'जुळाऱ्याची चूक' एवढे दोन शब्द पुरले असते. ते त्याच्या कानावरही गेले नसते. शिवाय अनुस्वाररावांच्या नावावर आजवर एकही शुद्धिपत्र निघालेलं नव्हतं. छापखान्यात नव्या माणसाला हे ओळख करून देताना सांगितलं जायचं.

दाराशी बायको उभी होती.

"पुस्तिका बघू," अनुस्वारराव म्हणाले. खुंटीवरच्या सदऱ्यातून त्यांनी लाल पेन काढलं, पान पाचवर 'डाव्या' खोडून 'उजव्या' केलं, 'उजव्या' खोडून 'डाव्या' केलं, समासात सही केली. "चूक छापखान्याची नाही. माझी आहे. तीनशे प्रतींना मी स्वतः चिठ्ठ्या चिकटवून देईन."

एवढं बोलून ते टॉवेल घट्ट धरून खाली बसले.

बाईंनी दंतवैद्यांकडे मान वळवली. शाळा सोडून इतकी वर्षं झाली तरी ती नजर शाबूत होती. "डॉक्टर, हे पान तुम्ही शर्यतीआधी वाचलंत की नंतर?"

दंतवैद्य जमिनीकडे बघू लागले. "नंतर," ते म्हणाले. "आत्ता. टॉवेल गुंडाळताना."

"म्हणजे पाण्यावर तुम्ही कोणत्या नियमाने चालला होतात?"

"माझं शीड मोठं आहे, या नियमाने."

निकाल दोन मिनिटांत लागला. नियम पुस्तिकेच्या आधीपासून आहे आणि छापताना चुकल्यामुळे तो बदलत नाही; दंतवैद्य बाद. अनुस्वारराव बरोबर, परंतु शर्यत अपूर्ण. निकालपत्रात सात नावांच्या खाली आठवं आणि नववं अशी दोघांची नावं लागोपाठ आली. आयुष्यातला पहिला जिंकलेला दावा, आणि त्याबद्दल आठवा क्रमांक.

अनुस्वारराव कपडे घालायला उठले, तेव्हा दंतवैद्य त्यांच्यामागे आले. "फुगे अजून उचललेले नाहीत," ते घसा साफ करत म्हणाले. "शर्यतीची वेळ साडेपाचपर्यंत आहे. तुमचं शीड माझ्यामुळे फाटलं. माझं घेऊन जा."

"ते फार मोठं आहे."

"हो," दंतवैद्य म्हणाले. "मलाही फार मोठं आहे. दुकानात हे कबूल करायला लाज वाटली."

बाईंनी घड्याळ पाहून सांगितलं की हरकत नाही. कारकुनाने सांगितलं की तशी तरतूद नाही. बाईंनी पुन्हा सांगितलं की हरकत नाही.

वारा पडत चालला होता, म्हणूनच ते शीड आवरलं. दात डोक्यावर घेऊन अनुस्वारराव निघाले. पहिल्या फुग्याला तीनदा पडले, दुसऱ्याला दोनदा. दुसरी फेरी सुरू झाली, तसा नावाडी होडीतून त्यांच्यामागून येऊ लागला. ते एका फुग्याला वळसा घालून गेले की तो फुगा उचलून होडीत टाकायचा आणि म्हणायचा, "चालू द्या, साहेब." काठावर प्रशिक्षिका, बाई, दंतवैद्य आणि बायको उभे होते. कारकून कुलपं लावत होता.

शेवटच्या टप्प्यात, शर्यतीची अंतिम रेषा समोर दिसत असताना, डावीकडून तीन बदकं आली.

वारा अनुस्वाररावांच्या उजव्या खांद्यावर होता. याबद्दल शंका नव्हती. "उजवा वारा!" ते ओरडले. बदकं आपल्या गतीने येत राहिली. "उजवा वारा!" पुढचं बदक थांबलं नाही, मागचं आणखी हळू झालं. दांडी सोडून पडावं, तर एवढं मोठं शीड नेमकं त्या तिघांच्या अंगावर गेलं असतं.

मग काय झालं ते त्यांना नीट सांगता आलं नाही. त्यांनी शीड मागे झुकवलं, पाय डोलकाठीच्या पुढून पलीकडे टाकले, हात बदलले. फळी वाऱ्यातून फिरली. शीड दुसऱ्या बाजूला भरलं. आणि ते उभे होते. काठावर प्रशिक्षिका किंचाळली, दंतवैद्यांनी बाईंना मिठी मारली आणि लगेच माफी मागितली.

बदकं एकदाही मागे न बघता पलीकडच्या गवतात शिरली. अनुस्वाररावांनी रेषा ओलांडली तेव्हा पाच वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. गुडघाभर पाण्यात ते फळीवरून उतरले.

"तक्रार करायची आहे का?" बाईंनी काठावरून विचारलं.

अनुस्वाररावांनी गवताकडे बघून थोडा विचार केला. "नको," ते म्हणाले. "त्यांच्यापर्यंत पुस्तिका पोचलेली नाही."